खुर्चीवरची नमाज

आमच्या गावच्या घरात माजघराच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात अम्मीचा मुसल्ला असायचा. मला कळायला लागल्यापासून ती जागा तिचीच. दोन वर्षांपूर्वी त्या जागी एक लाकडी खुर्ची आली. भाईने ती चिपळूणहून टेम्पोत घालून आणली, त्या दिवशी अम्मी दुपारभर कुणाशी बोलली नाही. मगरीबची अजान झाली तशी उठली, वुजू केला आणि खुर्चीवर बसून नमाज पढली. रुकूसाठी थोडं झुकायचं, सजद्यासाठी त्याहून जरा जास्त, नुसता इशारा. सलाम फेरल्यावर ओढणीत तोंड लपवून ती रडायला लागली. "कपाळ जमिनीला लागत नाही गं," एवढंच म्हणाली.

ती खुर्ची आमच्या घरात का आली, ती वेळ टाळता आली असती का आणि त्यानंतर आम्ही काय शिकलो, हे आपल्या बहिणींना सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. मी डॉक्टर नाही. पण दोन वर्षांत डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले आहेत की त्यातलं थोडं तुमच्या उपयोगी पडेल.

आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. समोर एवढं पाणी, पण मे महिन्यात नळाला पाणी येतं ते दिवसाआड. त्या दिवशी पाणी आलं आणि घरात पुरुषमाणूस नव्हतं. एकाहत्तर वर्षांची अम्मी अंगणातला अर्धा भरलेला हंडा पडवीत ठेवायला म्हणून कमरेत वाकली आणि पाठीत काहीतरी मोडल्यासारखी कळ आली. आम्हाला वाटलं, उसण भरली. आठ-दहा दिवस तेल लावलं, विटेने शेकलं, मलम चोळलं. कूस बदलली तरी ती ओरडायची. शेवटी तालुक्याला नेऊन एक्स-रे काढला. पाठीचा एक मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झाला होता. ज्या पाठीला आम्ही जोर लावून तेल चोळत होतो, तिच्यातलं हाड मोडलेलं होतं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "याआधी कधी हाड मोडलं होतं का?"

मोडलं होतं. सहा वर्षांपूर्वी पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून घसरून अम्मी हातावर पडली होती. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं, दीड महिन्याने काढलं. पडली म्हणून मोडलं, यात विचारायचं काय, असं आम्ही सगळेच म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "उभं माणूस जागच्या जागी पडलं तर मुका मार लागतो, खरचटतं. तेवढ्याने हाड मोडलं तर दोष फक्त पडण्याचा नसतो, हाडाचाही असतो. तपासणी तेव्हाच व्हायला हवी होती."

दुसरा प्रश्न, "उंची कमी झाली आहे का?"

मी आणि भाभी एकमेकींकडे बघत राहिलो. म्हाताऱ्या माणसाची उंची कोण मोजतं? मग भाभीला आठवलं, अम्मीचा बुरखा. पाच वर्षांत तिने तो दोनदा खालून दुमडून शिवून दिला होता. पायात येतो म्हणून. आम्ही हसायचो, "अम्मी, तुझं कापड वाढतं वाटतं." कापड वाढत नव्हतं, अम्मी कमी होत होती. तरुणपणापेक्षा दीड इंचाहून जास्त उंची कमी झाली असेल, तर मणका गुपचूप दबला असण्याची शक्यता असते आणि पुष्कळदा अशा वेळी फारसं दुखतही नाही. ही खूण आमच्या घरात पाच वर्षं दाराच्या खुंटीवर टांगलेली होती आणि आम्हाला वाचता आली नाही.

नंतर मुंबईला नेऊन डेक्सा नावाची तपासणी केली. यात काही टोचत नाही. टेबलावर निजवतात, वरून यंत्र फिरतं, दहा-पंधरा मिनिटांत होतं. त्यात टी-स्कोअर नावाचा आकडा येतो. उणे 1 पर्यंत हाडं ठीक. उणे 1 ते उणे 2.5 च्या मध्ये असेल तर हाडं विरळ व्हायला लागली आहेत. उणे 2.5 किंवा त्याच्याही खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली. अम्मीचा आकडा होता उणे 3.1.

परतीच्या गाडीत अम्मी खिडकीशी डोळे मिटून बसली होती. मला सूरह मरियम आठवत होती. हजरत जकरिया (अ.) म्हातारपणी आपल्या रबला हळूच साद घालतात, तेव्हा आपली कमजोरी सांगताना सुरुवात हाडांपासून करतात, पांढऱ्या केसांचं नाव त्यानंतर घेतात. लहानपणापासून ती सूरह ऐकत आलो, पण हाडं कमजोर होणं म्हणजे काय, ते त्या दिवशी समजलं. केस पांढरे झालेले आरशात दिसतात. हाडांचं मोडेपर्यंत कळत नाही.

हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे, ते जिवंत असतं. जुनं हाड झिजत असतं आणि त्या जागी नवं भरत असतं, हे काम आयुष्यभर चालतं. पंचवीस-तीस वर्षांपर्यंत भर जास्त, झीज कमी. आमच्याकडे भात झोडून झाल्यावर कणगी भरतात ना, तसे ते दिवस. पुढे वर्षभर त्या कणगीतलंच काढून खायचं असतं. चाळिशीनंतर झीज पुढे जाते. बायकांची पाळी थांबली की हाडांची राखण करणारं इस्ट्रोजेन कमी होतं आणि पुढची पाच-सात वर्षं हाडं फार वेगाने झिजतात. पाळी लवकर थांबली असेल किंवा गर्भाशयाच्या ऑपरेशनमध्ये अंडाशयंही काढली असतील, तर ही झीज तेवढीच लवकर सुरू होते. दमा, संधिवात यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच महिने घेतल्या असतील, आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला असेल, तंबाखूची सवय असेल, तर धोका वाढतो. पुरुषांनाही हे होतं, फक्त जरा उशिरा.

घरी आल्यावर मी एक वही घेतली आणि अम्मी दिवसभरात काय खाते ते तीन दिवस लिहिलं. सकाळी चहा आणि खारी. दहा वाजता पुन्हा चहा. दुपारी भात, मासळीचं सालन, त्यातही मधले तुकडे भाईला आणि मुलांना, अम्मीच्या ताटात डोकं आणि रस्सा. चार वाजता चहा. रात्री तांदळाची भाकरी, डाळ किंवा उरलेलं सालन. दूध म्हणाल तर चार कप चहात मिळून अर्धा पेला. प्रौढ माणसाला रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, अम्मीसाठी डॉक्टरांनी 1200 सांगितलं होतं. माझ्या वहीत बेरीज 400 च्या आसपास अडकली.

आमच्या घरात दुधाची कधी कमतरता नव्हती. म्हैस होती तेव्हाही नव्हती आणि पिशवीचं दूध आलं तेव्हाही नाही. अम्मी ते तापवायची, पेल्यात ओतायची आणि वाटून टाकायची. अब्बांना झोपताना, भाईला शाळेत जाताना, नातवंडांना खजूर घालून. पातेल्याला लागलेली साय खरवडून खायची, तिचा वाटा तेवढाच. आम्ही याला तिची माया समजत होतो. मायाच होती ती. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रात्रंदिवस इबादतीत बुडालेल्या एका सहाबींना समजावलं होतं की तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे. इबादतीपायीसुद्धा शरीराचा हक्क मारायचा नसेल, तर पेला वाटण्यापायी तरी का मारावा? आणि तो मारला जात असताना आम्ही पोरं समोर बसून दूध पीत होतो. याचं उत्तर आमच्याकडे नाही.

मग आम्ही ताट बदललं. बाजारातून काही महाग आणलं नाही. सकाळी एक मोठा पेला दूध, त्यात साधारण 300 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दुपारी वाटीभर दही, त्यात पावणेदोनशे-दोनशे. दूध पचत नसेल त्यांना दही-ताक सहसा सोसतं. तांदळाच्या भाकरीऐवजी रात्री नाचणीची. आपल्या कोकणात नाचणी पिकते आणि आपणच तिला गरिबाचं अन्न म्हणून बाजूला सारलं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नसतं. परसात शेवगा आहे, पण आम्ही फक्त शेंगा खायचो. आता आठवड्यातून दोनदा पाल्याची भाजी होते, कधी डाळीत मूठभर पाला पडतो. भाजलेल्या तिळाची चटणी ताटात रोज चमचाभर असते. पालकाचं म्हणाल तर तो चांगलाच, पण त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटने बांधलेलं असतं, शरीराला फार थोडं मिळतं. म्हणून हाडांसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

मासळी तर घरचीच. बांगडा, तारली यांत ड जीवनसत्त्व असतं, ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. बारीक मासळी काट्यासकट चावून खाल्ली तर कॅल्शियमही मिळतं. सुकट, जवळ्यातही ते भरपूर, पण सुक्या मासळीत मीठ फार असतं. मीठ जास्त झालं की कॅल्शियम लघवीवाटे निघून जातं, शिवाय अम्मीला रक्तदाबही आहे. म्हणून सुकट दोन-तीनदा पाण्यातून काढून आणि आठवड्यात एखाद्याच वेळी. अंडं रोज एक. हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो आणि कॅल्शियम त्यावर बसतं, त्यामुळे डाळ, अंडी, मासळी, कोंबडी यांपैकी काहीतरी दोन्ही वेळा ताटात हवं. मासळीचा मधला तुकडा आता अम्मीला वाढतो. पहिले काही दिवस ती तो हळूच नातवाच्या ताटात सरकवायची. मग भाभी शेजारी बसून जेवायला लागली.

अम्मीची पाठ मोडल्याचं कळल्यावर खाला रत्नागिरीहून आली ती डबा भरून पाया घेऊन. रात्रभर मंद आचेवर शिजवलेला. आपल्याकडे हाड मोडलं की पाया देतातच, हाडाने हाड जुळतं म्हणतात. मी डॉक्टरांना विचारलं. ते हसून म्हणाले, "जरूर खा, चवीला उत्तम. पण कॅल्शियमच्या हिशेबात धरू नका." हाडं कितीही वेळ उकळली तरी त्यातलं कॅल्शियम रश्श्यात फारच थोडं उतरतं. रश्श्याला चिकटपणा येतो तो हाडाभोवतीच्या चिवट भागातून, ते जिलेटिन असतं. खालाला हे सांगितलं तेव्हा ती रागावली, "रात्रभर जागले ते फुकट?" फुकट नाही गेलं. त्या चार दिवसांत अम्मी पहिल्यांदा पोटभर जेवली. तेवढं श्रेय पायाला आणि खालाला द्यायलाच हवं.

एक गोष्ट मात्र कठीण गेली, मिश्री. अम्मी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून सकाळी मिश्री लावते. ती तंबाखूच. तंबाखूने हाडांची नवी भर मंदावते आणि मोडलेलं हाड जुळायला वेळ लागतो. डॉक्टरांनी सांगितलं, आम्ही विनवलं, नातवाने डबी लपवली. पहिले दोन महिने डोकं दुखतं म्हणून चिडचिड करायची. तीनदा सुटली आणि दोनदा परत लागली. या रमजानपासून बंद आहे. पुढचं अल्लाह जाणे.

ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी केली तर तेही तळाला गेलेलं. मला नवल वाटलं. कोकणात उन्हाचा काय तुटवडा? पण ऊन अंगणात होतं आणि अम्मी घरात होती. बाहेर पडली तर बुरख्यात, आणि तेही सकाळी लवकर नाहीतर दिवस कलल्यावर. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला कोवळं ऊन पुरत नाही. साधारण दहा-अकरा ते तीनच्या दरम्यानचं लागतं, आणि ते थेट त्वचेवर पडावं लागतं. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग होत नाही. आपली त्वचा सावळी, तिला वेळही जास्त लागतो.

पडद्यात राहूनही हे जमतं. आमच्या परसदाराला कुडाचं कुंपण आहे आणि तिथे परक्या माणसाची नजर जात नाही. अम्मीला चाश्तच्या नमाजची आवड आहे. माणसाच्या प्रत्येक सांध्यामागे रोज एक सदका आहे आणि चाश्तच्या दोन रकात त्याला पुऱ्या पडतात, अशी हदीस ती आम्हाला लहानपणी सांगायची. ती नमाज झाली की साडेदहाच्या सुमाराला ती परसात बसते. बाह्या कोपरापर्यंत वर, पायजमा पोटरीपर्यंत, डोक्यावर सावली. वीस-पंचवीस मिनिटं तांदूळ निवडते नाहीतर तसबीह करते. माझी धाकटी बहीण मुंब्र्याला चौथ्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीत समोरच्या इमारतीची नजर पोहोचते. तिने कठड्याला कमरेइतका जाड पडदा लावला आणि ऊन येतं त्या अर्ध्या तासात ती खाली बसून भाजी निवडते. पावसाळ्यात मात्र कुणालाच ऊन मिळत नाही, तेव्हा औषधाचाच आधार.

औषधाबद्दल दोन शब्द. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी अम्मीला आठ आठवडे दिली, मग थांबवून पुन्हा रक्त तपासलं. आमच्या शेजारणीने ते ऐकून मेडिकलमधून स्वतःच पुड्या आणल्या. असं करू नये. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. कॅल्शियमची गोळीही आहारात कमी पडेल तेवढीच, एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. लोहाच्या आणि थायरॉइडच्या गोळीबरोबर ती घेऊ नये, मध्ये काही तासांचं अंतर हवं. हाडं भरण्यासाठी अम्मीला आठवड्याला एक गोळी आहे. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास काही खायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. रमजान आला तेव्हा अम्मी म्हणाली, महिनाभर बंद ठेवते. आम्ही डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सोपी वाट सांगितली, ठरलेल्या दिवशी सहरीच्या अर्धा तास आधी उठायचं, गोळी घ्यायची, बसून दुआ करायची आणि मग सहरी. रोजाही झाला, गोळीही झाली. आपले बरेच लोक रमजानमध्ये न विचारता औषध सोडतात किंवा न विचारता रोजा सोडतात. आधी विचारलं तर पुष्कळदा दोन्ही सांभाळता येतं.

आता हालचालीचं. आम्हाला वाटलं होतं, मणका मोडलाय म्हणजे आता पलंगावरच ठेवायचं. उलट निघालं. नुसतं पडून राहिलं तर हाडं आणखी झिजतात, मांड्यांचं बळ जातं आणि माणूस पुन्हा पडतं. कळ ओसरल्यावर, साधारण तिसऱ्या महिन्यात, फिजिओथेरपिस्ट ताईंनी चार गोष्टी शिकवल्या. त्या अजून रोज होतात.

पहिली, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. सुरुवातीला अम्मीला तीनदाही जमेना, आता दहा वेळा करते. दुसरी, ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि हळू खाली टेकायच्या, दहा वेळा. चहाला उकळी येईपर्यंत होतं. तिसरी, भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायचं आणि खांदे मागे नेऊन दोन्ही पाती एकमेकींकडे ओढायची. याने कुबड वाढायचं थांबतं. चौथी, ओट्याला धरून एका पायावर दहा आकडे होईतो उभं राहायचं, मग दुसऱ्या. ही तोल सांभाळण्यासाठी. शिवाय सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं चालणं, आता ते पंधरावर गेलं आहे. हाडावर शरीराचा भार पडला की हाडाला भरायचा निरोप मिळतो, म्हणून चालणं आणि जिना चढणं हाडांना मानवतं.

काय करायचं नाही तेही तितकंच महत्त्वाचं. ज्यांचा मणका दबला आहे त्यांनी कमरेत वाकून जड उचलायचं नाही, वाकलेलं असताना वळायचं नाही, पोटाचे उठाबशीसारखे व्यायाम करायचे नाहीत. अंगण झाडायच्या खराट्याला भाईने लांब काठी बांधून दिली. भाभीने जमिनीवरची भांडी फळीवर नेली. मोरीत पाय घसरू नये म्हणून रबराची चटई आली, भिंतीला धरायला दांडा लागला, वुजूसाठी उंच स्टूल आलं. फजरला उठताना अंधार असतो म्हणून रात्रभर एक छोटा दिवा जळतो. आणि बुरखा पुन्हा एकदा मापाने शिवला, या वेळी हसत नाही, मोजून.

राहिली नमाज. अम्मीने डॉक्टरांना दर खेपेला एकच विचारलं, "सजदा कधी करू?" त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. एवढं खाली वाकल्याने दबलेल्या मणक्यावर भार येतो, तो आणखी दबू शकतो, म्हणाले. मग एके दिवशी आमचे मौलाना साहेब घरी आले. त्यांनी पडद्याआडून अम्मीला हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांची हदीस सांगितली. त्यांना आजार होता, त्यांनी प्रेषितांना (स.) नमाजबद्दल विचारलं. उत्तर मिळालं, उभं राहून पढा, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. मौलाना म्हणाले, "आपा, माणूस तंदुरुस्त असताना जी इबादत करत होता, तिचा सवाब आजारपणातही त्याच्या नावे लिहिला जातो. तुमचे पन्नास वर्षांचे सजदे कुठे जात नाहीत." त्या दिवसापासून अम्मी खुर्चीकडे पाठ फिरवून बसत नाही. तिचा मुसल्ला आम्ही खुर्चीखाली अंथरला आहे, पाय त्यावरच टेकतात.

पण याची दुसरी बाजूही बहिणींनी लक्षात घ्यावी. ज्यांना उठता-बसता येतं त्यांनी गुडघा जरा कुरकुरला म्हणून लगेच खुर्ची धरू नये. दिवसातून पाच वेळा जमिनीवर बसणं आणि तिथून उठणं ही अल्लाहने दिलेली ताकद आहे, वापरली नाही तर निघून जाते. नमाज इबादत आहे, व्यायाम म्हणून पढायची नसते आणि ती चालण्याची जागाही घेत नाही. पण रुकूत पाठ सपाट आणि सरळ ठेवायची शिकवण आहे, ती नीट पाळली तरी वाकायची योग्य रीत अंगी बाणते. पाठीचा पोक काढायचा नाही, खुब्यातून वाकायचं.

हे मी स्वतःलाही सांगते आहे. अम्मीच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमचं वय काय?" बावन्न. पाळी थांबून तीन वर्षं झालेली. माझाही डेक्सा केला. उणे 1.8. गोळी नको, पण आहार, ऊन, चालणं आजपासून, आणि दोन वर्षांनी पुन्हा तपासणी. चार कप चहा, उरलंसुरलं जेवण, पातेल्याची साय, हे सगळं मी अम्मीकडून उचललं होतं. तिची हाडंही उचलली असती.

आणि माझी भाची, भाईची मुलगी, पंधरा वर्षांची. दूध म्हटलं की नाक मुरडते, शाळेतून आली की मोबाइल घेऊन पलंगावर. तिची कणगी भरायचे दिवस हेच आहेत, आणखी दहा-पंधरा वर्षं. तिला भाषणं देऊन उपयोग झाला नाही. नाचणीचं सत्त्व गूळ घालून दिलं तेव्हा प्यायली. आता संध्याकाळी दादीला फिरवून आणायचं काम तिच्याकडे दिलं आहे. दादी पंधरा मिनिटं चालते. मग ही मैत्रिणींबरोबर दोरीवरच्या उड्या मारते. या वयात उड्या मारण्याने हाडं भरतात, तिच्या दादीने मात्र त्या चुकूनही मारू नयेत.

आमच्या माजघराच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीने मारलेल्या खुणा आहेत. दर ईदला मोजायची पद्धत आहे. खुर्ची आली त्या वर्षी भाचीने अम्मीलाही चौकटीला उभं केलं आणि तिची खूण मारली. अम्मी लाजत होती, "माझी काय मोजता आता?" गेल्या ईदला पुन्हा मोजली. भाचीची खूण दोन बोटं वर गेली होती. अम्मीची होती तिथेच आहे, खाली आलेली नाही. आम्ही सगळ्यांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं.

येत्या ईदला तुमच्या घरातल्या थोरल्यांनाही चौकटीला उभं करा आणि खूण मारून ठेवा.